पानाची पाठ

माणसांवर कमी आणि मुळ्यावर जास्त विश्वास ठेवणारा आमच्या घरमालकीणबाईंसारखा दुसरा जीव चेन्नईतल्या साऱ्या मैलापुरात सापडायचा नाही. पिढ्यानपिढ्या तंजावरात मुरलेल्या मराठी घरातल्या या बाई गच्चीवर विटा लावून केलेल्या चार वाफ्यांवर राज्य करतात, आणि वाफ्यांशेजारच्या खोलीत मी भाड्याने राहतो. पुण्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा माझं कंपनीचं पत्र त्यांनी वाचलंच नाही. उलटं करून मागची कोरी बाजू भिंगातून पाहिली आणि तमिळ हेलात म्हणाल्या, "कीड पाठीमागं बसते, पाहा." रोज सकाळी पानांच्या पाठी तपासायची सवय, ती कागदालाही लागू झाली.

एका वाफ्यात लागोपाठ दोनदा तेच पीक घ्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. वांग्यानंतर वालाच्या शेंगा, शेंगांनंतर पालेभाजी, मग मुळा. वांगी काढल्यावर तिथेच टोमॅटो लावू या, असं मी एकदा सुचवलं, तर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी खुलासा झाला: "अरे, ते भाऊबंद. एकाची कीड दुसऱ्यास आयती. अस्कं शिकवावं लागतं तुला." अस्कं म्हणजे त्यांच्या तंजावरी मराठीत सगळंच. त्यांच्या भाचीने दिलेली जास्वंदीची कुंडी, तिच्यावर पिठ्या ढेकणाची कीड नाही याची खात्री होईपर्यंत, पंधरा दिवस माझ्या न्हाणीघरात होती; मी कुंडीकडे पाठ करून आंघोळ उरकत असे. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी असली की वाळत घातलेल्या माझ्या शर्टांनाही प्रसाद मिळे, आणि ऑफिसात माझ्या टेबलाकडे डास फिरकत नसे, माणसंही बेतानेच.

भाडेकरूंनाही हाच कायदा होता. गच्चीच्या दारामागे खडूने काढलेल्या तक्त्यात चार रकाने वाफ्यांचे, पाचवा खोलीचा. अकरा महिने झाले की भाडेकरू बदलायचा; एकट्यानंतर जोडपं, जोडप्यानंतर एखादी शिक्षिका. माझे अकरा महिने भरत आले तेव्हा मला फार वाईट वाटलं. या शहरात माझ्यावर मराठीतून रागावणारं दुसरं कोणी नव्हतं. बॅगा भरून निरोप घ्यायला बाहेर आलो, तर बाई नव्या हंगामाचा तक्ता लिहीत होत्या. पाचव्या रकान्यात लिहिलं होतं, कढीलिंब.

"मामी, खोलीत कढीलिंब लावणार?"

त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या, मोठ्या कुंडीकडे बोट दाखवलं. "त्यास कोणी हलवतं काय? लागला तेथे लागला. जा, बॅगा सोड."

त्याला सहा वर्षं झाली. आता गुडघे त्यांना जिना चढू देत नाहीत, म्हणून रोज सकाळी प्रत्येक वाफ्यातलं एकेक पान ताटलीत घालून मी खाली नेतो. त्या ते उलटं करतात, भिंग फिरवतात. मधूनच मी एखादं अळीने खाल्लेलं पान मुद्दाम त्यांत ठेवतो. ते सापडलं की पाव तास बोलणी बसतात, आणि मला दिवसभर बरं वाटतं.

परवा ते त्यांना सापडलं नाही. दोनदा भिंग फिरवून म्हणाल्या, "सरि, ठीक, अस्कं चांगलं आहे." मग मी त्यांचं बोट धरून भोकावर टेकवलं, आणि पोटभर बोलणी खाल्ली.