जॉब ज्याचा, त्यानेच गेटबाहेर न्यावा

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत जास्त ताकद हवी, हे मी खंडाळ्याच्या घाटात ठरवलं. आम्ही चौघे, डिकीत सामान, एसी बंद. तरी चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. मागून वाकडला राहणारे माझे साडू नव्या गाडीतून आले, बरोबरीला येऊन त्यांनी काच खाली केली आणि विचारलं, "साडूभाऊ, उतरून ढकलू का?" बायको हसली, मुलं हसली. मीही हसलो.

सोमवारी मी चिंचवडच्या गॅरेजवाल्या चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "नया इंजन परवडणार नाही ना? मग हेड घासून घ्या." हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. त्याचा खालचा पृष्ठभाग थोडा काढला की आतली जागा कमी होते, पेट्रोल-हवा जास्त दाबली जाते आणि गाडी जोर धरते. "लेकिन पाऊण मिलिमीटर म्हणजे पाऊणच. जास्त गेलं तर भंगार," असं बजावून त्यांनी हेड उतरवून दिलं.

भोसरीत असं काम करून देणारी वर्कशॉप्स पुष्कळ आहेत. पण मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. आमच्या मिलिंग मशीनवर निघणारा फेस, म्हणजे घासलेला सपाट पृष्ठभाग, मी रोज तपासायचो. बाहेरच्या कामावर माझा विश्वास नव्हता, आणि फुकट होणाऱ्या कामाला पैसे द्यायची तर मुळीच इच्छा नव्हती.

घरचे जॉब आमच्याकडे सगळेच करून घेत. कुणाचा शेगडीचा स्टँड, कुणाच्या पाण्याच्या मोटारीचा शाफ्ट. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करत. नियम एकच होता, कुठे न लिहिलेला पण सगळ्यांनी पाळलेला: जॉब ज्याचा, त्यानेच तो गेटबाहेर न्यायचा. सापडला तर त्याने निस्तरायचं. करून देणाऱ्याच्या अंगावर काही येता कामा नये.

मिलिंगवरचा ऑपरेटर परभणीकडचा, माझ्याच वयाचा. नऊ वर्षं कंत्राटावर होता आणि महिन्याभरात लागणाऱ्या पर्मनंटच्या यादीत त्याचं नाव नक्की धरलं जात होतं. त्याचे पार्ट पास करणारा मीच, त्यामुळे तो मला नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. सॅम्पलच्या खोक्यात घालून हेड मी आत नेलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने ते घासलं. बरोबर पाऊण मिलिमीटर. हात फिरवला तर काचेसारखं.

त्या आठवड्यात गेटवर स्टाफच्या गाड्यांच्या डिक्या उघडून बघत होते. हे मला सकाळीच कळलं होतं. त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, तू बसने जातोस. तुझ्या पिशवीत नेशील का?"

"नेतो की. कामून टेन्शन घ्यायलेत साहेब?"

त्या दिवशी गेटवर पिशव्याही बघितल्या.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या ऑफिसात मला बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून माझं हेड ठेवलेलं, भिंतीशी तो उभा. एचआरचे साहेब म्हणाले, "हा म्हणतो, पाहुण्यांचं आहे. पार्ट आपला आहे का, तेवढं तपासून लिहून द्या."

मी व्हर्नियर काढला. माझ्याच गाडीच्या हेडची मापं मी शांतपणे घेतली, ती ड्रॉइंगशी ताडून बघण्याचं नाटक केलं आणि लिहिलं, 'हा पार्ट कंपनीचा नाही.' खाली सही केली. चोरीच्या आरोपातून मी त्याला वाचवलं, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण "माझं आहे" हे दोन शब्द बोलायला त्या खोलीत पुरेसा वेळ होता. त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी अडकू नये म्हणून असेल.

पण कंपनीच्या मशीनवर बाहेरचं काम केल्याचा ठपका राहिलाच. यादी लागली, त्यात तो नव्हता. पुढे कंत्राटही वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी बस स्टॉपवर त्याने मला एचआरने त्याला परत केलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तेच हेड दिलं. "बसवून घ्या साहेब. फेस लई भारी आलाय."

मी ते बसवलं. फेकून दिलं असतं तर निदान काहीतरी केलं असं झालं असतं.

सहा महिन्यांनी मी एचआरच्या साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "फाइल बंद झाली हो. आता कशाला?" आणि चहा मागवला. मला एकदम हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

तळवड्यातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये तो लागला होता, तिथे गेलो. सगळं सांगितलं, डिक्यांचंसुद्धा. तो चिंधीने हात पुसत राहिला. मग म्हणाला, "डिक्यांचं तेवढं आधी सांगायचं होतं, साहेब. पिशवी कंपाउंडच्या भिंतीवरून टाकली असती."

त्याने दाराबाहेर उभ्या माझ्या गाडीकडे बघितलं.

"पिकअप आला का पण?"

"आला."

तो वळला आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाला मोठ्याने म्हणाला, "ते बाहेर गाडी दिसायली का? तिचं हेड म्या घासलंय."