तांदळाच्या डब्यातला क्रूस

माय, लाखांदूरच्या स्टँडवर तू मला नागपूरच्या एसटीत बसवलंस, तेव्हा माझ्या नर्सिंगच्या कागदांपेक्षा तुला आपल्या धानाच्या बांधीतल्या नव्या तांदळाची काळजी जास्त. खिडकीतून पिशवी माझ्या मांडीवर कोंबलीस आणि म्हणालीस, "पहिला भात देवाले ठेवजो, मंग तू खाजो." मग दर वर्षी पिशवी येत राहिली. फोनवर तू विचारायचीस, "ठेवला का वं?" मी म्हणायचे, "ठेवला."

ठेवत नव्हते. नागपूरचं शिक्षण संपवून पुण्याला नोकरीला आले आणि तिथे तिसऱ्या वर्षी मी प्रभू येशूची झाले. रविवारी चर्चमध्ये 'सगळं तुझ्या हाती' म्हणताना डोळे भरून यायचे आणि तुझा फोन आला की खोटं ओठावर तयार. कसलं समर्पण आणि कसलं काय!

गेल्या वर्षी तू स्वतःच पिशवी घेऊन आलीस. घाईघाईत मी भिंतीवरचा क्रूस काढला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. एवढी शिकलेली मी, पण नवा तांदूळ ओतायला तू आल्या आल्या तोच डबा उघडशील, हे काही सुचलं नाही.

तू क्रूस बाहेर काढलास, पदराने पुसलास. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. "तुले याची लाज वाटते, का माही?" एवढंच विचारलंस. दुसऱ्या दिवशी तू परत गेलीस.

यंदा धान कापून झालं, पिशवी आली नाही. तू फोन उचलत नाहीस. भाऊ म्हणतो, "माय काहीच बोलून नाही राहिली." मी रोज गुडघे टेकते. 'तुझी इच्छा' म्हणते आणि लगेच प्रभूशी भांडते, माझी माय मला परत दे म्हणून. आहे त्यात समाधान माना, असं पाळक सांगतात. मला नाही जमत.

लाज नव्हती, माय. भीती होती. तू मला मुलगी म्हणायची नाहीस, याची.

क्रूस आता भिंतीवर आहे, तू आलीस तरी तिथेच राहील. डबा घासून रिकामा ठेवलाय. दुकानातला तांदूळ मी त्यात भरत नाही. घर म्हणून माझ्याकडे एवढंच उरलंय.

पिशवी नको पाठवू. नुसता फोन कर आणि विचार, "ठेवला का वं?" या वेळी मी खरं सांगीन.