थरथरणारी धून

परळला एका जिन्याखाली एक गृहस्थ जुने रेडिओ आणि व्हिडिओ गेम दुरुस्त करत बसतात. नाव विचारायचे राहूनच गेले. घरातल्या आवराआवरीच्या यादीतले सातवे काम म्हणून मी आमचा लहानपणीचा गेम त्यांच्याकडे नेला. त्याची धून थरथरते, एवढीच तक्रार होती. शाळेत असताना भावाने तो स्क्रू काढून उघडला होता आणि त्यानंतर मला ही थरथर ऐकू आली. बाबांना मीच सांगितले. भावाने मार खाल्ला, गेम माळ्यावर गेला.

त्यांनी धून लावली, डोळे मिटले आणि ते टेबलावर तीन बोटे एकामागून एक भराभर आपटू लागले.

"ताई, बिघाड कुठाय? हे मुद्दाम केलंय. या मशीनला एका वेळी दोन-तीनच सूर झेपायचे. विलायतेतल्या ज्या कंपनीने गेम बनवला, तिथल्या लोकांनी मग सूर आळीपाळीने असे पळवले, की कानाला सगळे एकत्र वाटावेत. तेच थरथरतं."

"पण भावाने उघडण्याआधी नव्हतं थरथरत!"

"आधी तुम्ही खेळत होता. नंतर चूक शोधायला लागलात," चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले.

मी पुन्हा ऐकले. आधी कशी वाजायची, काही केल्या आठवेना. फूटपाथवरूनच भावाला फोन लावला.

"अरे, गेम तू बिघडवलाच नव्हतास."

तो म्हणाला, "मी तेव्हा तेच सांगत होतो ना, ताई."