आप्पांची गार खोली

चार माणसं रोज एकाच टेबलावर चहा प्यायली की किस्से आपोआप साठतात, मुद्दाम कुणी जपत नाही. न्हावऱ्याच्या आमच्या डेअरीच्या ऑफिसातही तसेच साठले. बहुतेक आप्पांचे. पूर्वी ते सांगताना हसू यायचं.

आप्पा मूळचे वायरमन. डेअरीने स्वतःचा सर्व्हर घेतला तेव्हापासून त्याची खोली त्यांच्या ताब्यात. अख्ख्या डेअरीत एसी तेवढ्याच खोलीला, त्यामुळे उन्हाळ्यात जो तो काहीतरी निमित्त काढून तिथे यायचा. आप्पा दारातच अडवायचे, "चपला भाईर." एकदा चेअरमनसाहेबही अनवाणी आत गेले!

*

खंडेनवमीला डेअरीतल्या सगळ्या मशीनना हळदकुंकू. सर्व्हरला मात्र फक्त झेंडूचं एक फूल. पहिल्या वर्षी मी कुंकवाची वाटी घेऊन गेले, तर आप्पांनी हात आडवा धरला. "ताई, कुकू नगं. आत जातंय."

*

मग पुण्याहून एक इंजिनिअर आले. म्हणाले, "स्वतःचं मशीन कशाला सांभाळता? आता सगळे इंटरनेटवरून भाड्यानेच घेतात. लागेल तेवढं वापरा, बिघडलं तर आम्ही बघू."

मागून आप्पांनी विचारलं, "आन् घरमालकानं खोली खाली करा म्हनलं तर?"

सगळे हसले. मीही हसले, त्याचं आज वाईट वाटतं.

*

सर्व्हर टेम्पोत चढला, तरी रिकाम्या खोलीतला एसी आठवडाभर चालूच. मॅनेजर चिडले. आप्पा म्हणाले, "खोलीला सवय हाय, साहेब. हळूहळू सुटंल."

एसी मॅनेजरांच्या केबिनला गेला आणि आप्पा गेटवर, टँकरचे नंबर लिहायला.

*

पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटली. भाड्याचं मशीन तिकडे ठणठणीत आणि इकडे दुधाची एकही नोंद होईना. कॅन घेतलेल्या शेतकऱ्यांची रांग गेटपर्यंत गेली. मॅनेजरांनी आप्पांना बोलावलं, "आप्पा, काहीतरी करा."

आप्पांनी दोन्ही हात पुढे केले. "काय करू? हात लावायला काय ठिवलंय का हितं?"

*

यंदा खंडेनवमीला पूजा आटोपल्यावर आप्पा माझ्या टेबलाशी येऊन बसले. "ताई, त्या भाड्याच्या मशीनवाल्यांना फोन लावा."

मी लावला, स्पीकरवर टाकला. एका मुलीने उचलला.

"बाई, न्हावऱ्याच्या डेअरीचं मशीन तुमच्याकडं कुठल्या खोलीत हाय?"

"सर, तुमचं असं एक मशीन नसतं. आज इथे, उद्या दुसरीकडे."

आप्पा फोनकडे वाकले. "मग आज जिथं आसंल तिथं झेंडूचं एक फूल ठिवा. आन् कुकू लावू नका, आत जातंय."

मग ती म्हणाली, "आणखी काही मदत हवी आहे का, सर?"

"न्हाई."

आप्पा उठले, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या आणि गेटवर गेले.