हिराबाईंची कढई

येरवड्याहून दोन बस बदलून हिराबाई गेली नऊ वर्षे कर्वेनगरात हेमाताईंच्या फराळघरी चकल्या तळायला येत. पेठांतली मुले संगणकाच्या नोकऱ्यांसाठी अमेरिकेला गेली, त्यांच्यामागे दिवाळीचा फराळही विमानाने जाऊ लागला. तेव्हापासून हेमाताईंच्या उद्योगाला बरकत आली आणि हिराबाईंच्या जिवाला घोर लागला.

त्या वर्षी साठ पार्सले गुरुवारी संध्याकाळी पाचला निघायची होती. बुधवारी सकाळपर्यंत निम्म्याही चकल्या तळून झाल्या नव्हत्या. हेमाताईंनी उपाय म्हणून तिसरा सोऱ्या आणला, चकल्या पाडायला आणखी एक बाई बसवली. कढई मात्र एकच, तळणारीही एकच. कागदांवर चकल्यांच्या रांगा वाढल्या, सुकल्या, उचलताना तुटू लागल्या. ते पीठ पुन्हा मळायला हाक हिराबाईंनाच, कारण पाण्याचा अंदाज त्यांचा. त्या उठल्या की कढई रिकामी.

हिंजवडीत नोकरीला असलेला हेमाताईंचा भाचा गंधार तासभर घड्याळ धरून उभा राहिला.

"मावशी, प्रॉब्लेम हिराबाईंचा आहे. त्या स्लो आहेत."

"हिराबाई, तुम्ही पॅकिंग बघता का?" हेमाताई म्हणाल्या. "कढईवर दुसरी कोणी बसवते."

अग्नीचे स्वतःचे एक व्रत असते. ते यजमानाच्या घाईने मोडत नाही. तेलातले बुडबुडे शमल्यावाचून चकली काढली तर ती पोटात मऊ राहते. हे नऊ वर्षे सांगून हिराबाई विटल्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"ताई, आधी दोन सोरे धुऊन ठेवा. मी मान हलवीन तेव्हाच पाडायच्या. आणि मळायला, मोजायला, तेल आणायला मला कोणी उठवायचं नाही."

"मग या बायका काय करणार?"

"बसतील."

"बसायचा पगार देऊ मी?"

"सध्या मोडायचा देताच आहात की."

रिकामा हात म्हणजे दारिद्र्याचे लक्षण, अशा संस्कारात हेमाताई वाढलेल्या. मांडीवर हात ठेवून बसलेल्या दोघी त्यांना बघवेनात. त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या. तासाभराने गंधारच चाचरत म्हणाला, "मावशी, कढई एकदाही रिकामी राहिली नाही."

गुरुवारी साडेचारला शेवटचा खोका बंद झाला.

"दोन बायका दीड दिवस नुसत्या बसून होत्या," हेमाताई म्हणाल्या.

"म्हणून तर गेल्या चकल्या," तेल गाळता गाळता हिराबाई म्हणाल्या.

"बरं, कढईपाशी तुम्हीच राहा. उद्या शेवेची ऑर्डर आहे. चौथा सोऱ्या सांगू का?"

हिराबाईंनी झारा खाली ठेवला आणि उत्तर देण्यापूर्वी त्या घोटभर पाणी प्याल्या.