होडी की गोडी

साठ सालाच्या आसपास मालवणात मी एका साप्ताहिकाची शब्दकोडे स्पर्धा चालवायचो. उत्तरं लाखेनं बंद केलेल्या पाकिटात असत. एकदा मासे विकणारी एक अनोळखी बाई कचेरीत आली. पदराला हात पुसून तिनं अंकातली ओळ दाखवली. ‘गेलेली ... उशिरा का होईना, परत येते.’ पर्याय दोन होते, होडी किंवा गोडी.

“पाकिटात काय आसा, तेवढा सांगा. बक्षीस नको माका. घोव होडी घेवन गेलो, तो अजून इलो नाय.”

मी हबकलोच. पाकिटात ‘गोडी’ होतं.

“बाय, उत्तरं मीच ठरवतो,” मी कसंबसं म्हणालो.

मग तिनं हात जोडले.

“मगे होडीच ठरवा.”

ते कोडं मी रद्द केलं. ती पुन्हा आली नाही, आणि किनाऱ्यावर जाऊन चौकशी करायचा मला धीर झाला नाही.