पाळण्यातला वरवंटा

कल्याणला जाणं मी तीनदा पुढे ढकललं. एकदा पाहुण्यांचं निमित्त, एकदा दाढदुखीचं, आणि तिसऱ्यांदा तर निमित्तही सुचलं नाही. नवरा म्हणाला, फोनवर सांगून टाक. पण सुमनताईंना असलं फोनवर सांगायचं नसतं. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, माझी नणंद. गेली चार वर्षं आम्ही दत्तक बाळासाठी यादीत आहोत आणि आमच्याइतकीच त्याही वाट बघतायत. गेल्या महिन्यात आम्ही ठरवलं, तान्ह्या बाळाचा हट्ट सोडायचा, तीन-चार वर्षांचं मूल आलं तरी आनंदाने घ्यायचं. आमचं ठरलं, पण ताईंनी आमच्यासाठी पाळणा राखून ठेवलाय, त्याचं काय करायचं?

तुम्ही कधी निघालात तर ठाण्याहून कल्याणला लोकल सोडून एसटीने जा. लोक वेड्यात काढतील, काढू देत. नौपाड्यातून खोपट डेपो चालत वीसेक मिनिटांवर आहे. बायकांना अर्धं तिकीट, सुटे पैसे जवळ ठेवा आणि आठच्या आत निघा. मी साडेनऊला निघाले, शहाणी! माजिवड्यालाच अर्धा तास गाडी हलेना. मी सारखी घड्याळ बघत होते. शेजारच्या मावशी कोनगावला उतरणार होत्या, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन निवांत बसलेल्या. मला म्हणाल्या, "तू घड्याल बघून गाडी चालनार हाय का?" मी गुपचूप घड्याळ पदराखाली घेतलं.

दुर्गाडीचा पूल आला की मी अजूनही खिडकीकडे सरकते. लग्नानंतर पहिल्यांदा इथून गेलेलो, तेव्हा नवऱ्याने खाडीतल्या होड्या दाखवलेल्या आणि म्हणालेला, आपण पोरांना घेऊन इथे येऊ. पोरांना, अनेकवचनात! तेव्हा सगळं किती सोपं वाटायचं. आता होड्या थोड्या आणि टॉवर फार, पण पाण्याचा तो खारा वास तसाच आहे आणि मला भर गाडीत गलबलून आलं.

डेपोतून पारनाक्याला रिक्षा मिळते. तिथल्या एखाद्या जुन्या हॉटेलात मिसळ खा, तर्री वेगळी मागा, दोघांचं पोट दोनशेच्या आत भरतं. मी एकटीच होते, तरी निम्मी मिसळ टाकली. पुढे मिठाईच्या दुकानात पेढ्यांपाशी हात थबकला. पेढे नेले तर ताई दारातच विचारतील, काय गं, बातमी आली? म्हणून पाव किलो फरसाण घेतलं.

ताईंच्या आतल्या खोलीत पाळणा टांगलेला होता. याच पाळण्यात माझा नवरा झोपलाय, ताईंची दोन्ही मुलं झोपलीत. रिकामा पाळणा घरात ठेवू नये असं ताईंचं म्हणणं, म्हणून चार वर्षं त्यात वरवंटा निजवलेला, बारशाला निजवतात तसा, कुंची घालून. तेव्हापासून त्यांच्याकडे चटणी मिक्सरवर होते आणि ताई रोज मिक्सरला नावं ठेवतात.

चहा झाला. मी फरसाणाकडे बघत सगळं एका दमात सांगितलं. मूल चालत येईल ताई, पाळण्यात मावणार नाही. आणि त्याला नावही असेल, ते बदलायचं नाही असं आम्ही ठरवलंय.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तो मी ताईंकडून काढून घेत होते आणि मला स्वतःचा फार राग आला.

ताई उठल्या. पाळण्यातला वरवंटा काढला, कुंची घडी करून कपाटात ठेवली, वरवंटा नळाखाली धुतला आणि पाट्यावर ओलं खोबरं, मिरची घेऊन चटणी वाटायला बसल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "त्याचं नाव त्यानेच माझ्या कानात सांगायचं. मी वाकेन. गुडघे दुखतात, पण वाकेन."

मी तिथेच फरशीवर बसून रडले. ताईंनी रडू दिलं, आणि मग म्हणाल्या, पुरे आता, चटणी खारट होईल.

येताना डब्यात चटणी होती. संध्याकाळी नवऱ्याने ती भाकरीवर घेऊन खाल्ली आणि मला सगळं दोनदा सांगायला लावलं. यादीत आमचा नंबर अजून तिथेच आहे. फोन कधी येईल, कोणी सांगू शकत नाही. तरी त्या दिवसापासून मी सकाळी उठल्या उठल्या मोबाइल बघायचं सोडलंय. इतकी वर्षं मला वाटायचं, वाट फक्त मीच बघतेय, बाकीचे नुसते चौकशी करतात.

जेवता जेवता नवऱ्याने विचारलं, "ताईने कुठलं नाव ठरवलेलं गं?"

चार वर्षं त्यांनी ते मनात जपलं होतं आणि एका दुपारी, आम्हाला कळूही न देता, सोडून दिलं. त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.